कऱ्हाळे सरांचं वनस्नान

कऱ्हाळे सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं कळमनुरीत शोधावी लागत नाहीत. बसस्टँडवर कुणालाही विचारा, त्यांच्या हाताखालून गेलेला एक तरी निघेल. सरांमुळे मी पोलिसात लागलो, सरांमुळे माझी तंबाखू सुटली, असं काहीतरी तो सांगेल आणि ते खरंही असेल. मी त्यांच्या शाळेत नव्हतो. मी त्यांच्या समोर राहतो. मधे फक्त रस्ता आहे. त्या रस्त्यापलीकडून ते मला जसे दिसले तसे लिहितो आहे. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. आजही पटत नाही.

माझं औषधांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. सरांना एवढं कारण पुरेसं होतं. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ओ मेडिकल!" एवढंच. काउंटरपाशी कुणी उभं असलं की ते आपल्या ओट्यावरून ओरडायचे, "काय झालं रे? ॲसिडिटी? पाचला उठून चाल की बाबा. त्या मेडिकलचं पोट काहून भरून राहिला?" गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. मीही हसायचो. पहिली काही वर्षं हसायचो.

सगळी नोकरी त्यांनी पीटी शिकवण्यात काढली होती. अंग वाळलेलं, पाठ सरळ, गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी. रिटायर झाले, शिट्टी गेली नाही. चहाच्या टपरीवर कुणी वाकून बसलेलं दिसलं की मागून जाऊन त्याच्या पाठीत दोन बोटं रुतवायचे आणि म्हणायचे, "कणा!" ओळख असो-नसो. एकदा वसुलीला आलेल्या बँकेच्या साहेबाच्या पाठीत अशीच बोटं घातली. साहेब चिडला, पण सरळ बसला. सरांच्या आवाजात काहीतरी असं होतं की माणूस आधी ऐकायचा आणि मग त्याला राग यायचा.

रिटायर झाल्यानंतर कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. जपानात माणसं रानात जातात, काही न करता हळूहळू चालतात, बसतात, झाडांचा वास घेतात, त्याने रक्तदाब उतरतो, झोप लागते, डोकं शांत होतं, असं त्यात सांगितलं होतं. त्याला वनस्नान म्हणतात. सरांनी तो व्हिडिओ अख्ख्या गावाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'रविवारी सकाळी सहा. फॉरेस्टच्या गेटजवळ. उशीर चालणार नाही.'

गावाबाहेरच्या टेकाडावर वनखात्याचं रान आहे. साग, धावडा, पळस, मधे मधे मोहाची जुनी झाडं. लोक तिकडे सीताफळाला किंवा सरपणाला जायचे. नुसतं बसायला कुणी गेलं नव्हतं. पहिल्या रविवारी पंधरा-वीस जण जमले. त्यात एसटीतून रिटायर झालेले मारोतराव कंडक्टर खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी घेऊन आले. वनस्नान म्हटल्यावर वर कुठे पाण्याची सोय असेल असं त्यांना वाटलं. सगळे हसले. सर हसले नाहीत. सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाला त्यांनी एका सागाकडे तोंड करून तासभर उभं केलं, वर्गात पोराला करतात तसं. मारोतराव उभे राहिले. आणि घरी येऊन सांगायला लागले, "पण बरं वाटलं बुवा. डोकं हलकं झालं."

ही सरांची खरी ताकद होती. ते माणसाचा अपमान करायचे आणि त्यांच्या रानाने माणसाला बरं वाटायचं. मग लोक अपमान विसरायचे.

शिट्टी एकदा वाजली की शांतता सुरू. दोनदा वाजली की जवळच्या झाडाला हात लावायचा. लांब वाजली की संपलं. बोलायचं नाही, मोबाइल बंद, आणि चपला गेटपाशी काढायच्या. "माती तळपायाला लागू द्या," सर म्हणायचे. मधेच कुणी कुजबुजलं तर ते एवढ्या मोठ्याने "शांत व्हा!" ओरडायचे की वरचे पोपट उडून जायचे. तरी माणसं वाढत गेली. जिनिंगमधला मुनीम म्हणाला, त्याला कित्येक दिवसांनी सलग झोप लागली. एका नव्या नवरीचं डोकं दुखायचं थांबलं. मी हे खोटं म्हणत नाही. माझ्याकडच्या झोपेच्या गोळ्यांची दोन-तीन गिऱ्हाइकं त्या हिवाळ्यात गळाली आणि ती माणसं पूर्वीपेक्षा बरी दिसत होती.

सर तेवढ्यावर थांबले असते तर मला लिहायला काही नव्हतं.

त्यांच्या बायकोला, शांतावहिनींना, साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी चालू होती. एका सोमवारी सकाळी समोर आवाज चढला. सर ओट्यावर आले, हातातली गोळ्यांची पाकिटं त्यांनी रस्त्यावर भिरकावली. दोन माझ्या पायरीपाशी पडली.

"घे रे मेडिकल, तुझा माल! आजपासून आमच्या घरात हे विष न्हाई."

रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या. मी पाकिटं उचलली, धूळ पुसली आणि आत ठेवली.

सर आता रोजच सकाळी रानात जायचे. दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर वहिनी दुधाचं भांडं घेऊन दुकानात आल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरच्या मागे, फ्रीजच्या आडोशाला येऊन उभ्या राहिल्या. पदराखालून अर्धी भाकर काढली, उभ्या उभ्या खाल्ली आणि हात पुढे केला.

"द्या भाऊ."

मी गोळी दिली, पाणी दिलं. दुसरी गोळी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.

"वहिनी, डॉक्टरला सांगून सरांना समजावू या."

"नको. तुमाला माहीत न्हाई ते माणूस. मारत न्हाईत, पण बोलायचं बंद करतात. धाकट्याच्या लग्नात मी यांच्या मनाविरुद्ध एक शब्द बोलले, तर दिवाळीपस्तोर माझ्याशी बोलले न्हाईत. एका घरात. भिंतीशी राहिल्यावानी." गाठ पुन्हा चाचपून पाहिली. "मला जगायचं हाय आणि घरातबी राहायचं हाय. तुमी कोणाला सांगू नका, एवढं करा."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मजाही वाटली. रोज सकाळी सर गळ्यात शिट्टी अडकवून रुबाबात टेकाडाकडे निघायचे आणि इकडे त्यांची बायको माझ्या फ्रीजमागे भाकर खायची. रस्त्यापलीकडून ते मला काही बोलले की मी मनात म्हणायचो, बोला सर, बोला.

चार महिन्यांनी सरांनी वहिनींचं रक्त तपासून आणलं. रिपोर्ट उत्तम. त्यांनी त्याला प्लॅस्टिकचं आवरण घालून घेतलं आणि मला ओट्यावरून हाक मारली, "ओ मेडिकल! रविवारी या. हिंमत असली तर या."

मी गेलो. रान मी पूर्वी पाहिलं होतं, पण सकाळी सहाला, काही काम नसताना, पाहिलं नव्हतं. शिट्टी वाजली आणि मी एका मोहाखाली बसलो. थंडी होती. पानांवरून दव टपटप खाली पडत होतं आणि कुठेतरी खाली दरीत मोर ओरडत होता. बायपासवरच्या ट्रकचा आवाज इतका बारीक येत होता की तो दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला वाटावा. माझ्या छातीत एक आवळल्यासारखं कायम असायचं. ते आहे हे मला ते सैल झालं तेव्हा कळलं. त्या दिवशी दुपारी मी दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलो. सरांचं म्हणणं खरं आहे याचा मला किती राग आला, ते मी सांगू शकत नाही.

शांतता संपल्यावर सरांनी रिपोर्ट एका सागाला खिळ्याने ठोकला. रानावर एवढं प्रेम करणारा माणूस झाडात खिळा ठोकत होता, हे तेव्हा माझ्याशिवाय कुणाला खटकलेलं दिसलं नाही.

"बघा! चार महिने एक गोळी न्हाई. कोणत्या डॉक्टरनं केलं हे? ह्या झाडानं केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत हमीदभाई होते. गाद्या-लेप भरणारे. बाजारगल्लीत त्यांचं दुकान, चार पिढ्यांचं. त्यांनाही साखर होती आणि माझ्याचकडून गोळ्या न्यायचे. ते मऊ आवाजात, सरांच्या शेजारी उभ्या असलेल्या वहिनींना म्हणाले, "भाभी, सच्ची? पूरी बंद?"

वहिनी जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय."

मी तिथे उभा होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बोललोही नाही. वाटलं, नंतर हमीदभाईंना एकटं गाठून सांगू.

एकटं गाठलं तेव्हा काय सांगणार होतो? "गोळ्या बंद करू नका," एवढंच म्हणता आलं. ते हसले. "भाऊ, तुमचं दुकानच ते हाय. तुमी असंच बोलणार." त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. सरांनी इतकी वर्षं माझ्याबद्दल गावात जे पेरलं होतं, ते त्यांच्या तोंडून अगदी सहज आलं. मी पुढे काही बोललो नाही. शब्द वहिनींना दिला होता, हे एक कारण. दुसरं असं की मला टोचलं होतं. नाही ऐकायचं तर नका ऐकू, असं मी मनात म्हणालो.

होळी होऊन गेल्यावर हमीदभाई लंगडत आले. जखमेला लावायचं लाल औषध मागितलं. रानात पायात काटा मोडला होता, तीन आठवड्यांपूर्वी. मी त्यांना बाकावर बसवून पाय पाहिला. टाच काळपट पडली होती आणि वास येत होता.

"दुखत नाही?"

"जरा भी नहीं. तेच तर बरं हाय."

साखरवाल्याला पायाचं दुखणं कळत नाही, म्हणून तर त्याने अनवाणी चालायचं नसतं. हे मला माहीत होतं. चपला गेटपाशी काढा म्हणणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, आणि त्याने कुणाला विचारलंही नव्हतं.

"गोळ्या?"

"दोन महिने झाले बंद. सर म्हणले, जखमेला रानातली माती लावा."

त्या क्षणी समोर वहिनी अंगणात सडा टाकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, हमीदभाईंकडे पाहिलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," म्हणालो, दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्यांना नेलं. तिथून त्यांना नांदेडला पाठवलं. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

ते घरी आल्यावर मी भेटायला गेलो. निघताना वहिनींना सांगितलं होतं. त्या माझ्या मागोमाग आल्या. आत सर आधीच बसले होते, गादीच्या शेजारी, ताठ. हमीदभाई उशीला टेकून होते. त्यांची बायको, रजियाभाभी, दाराच्या चौकटीत उभी होती.

सर बोलत होते. "तुमचं मन तिथं न्हवतं, हमीदभाई. शरीर रानात आणि मन दुकानात. मग रान काय करणार? हिला बघा. हिनं मन लावलं..."

वहिनींनी पदराची गाठ सोडली. गोळी तळहातावर घेतली आणि हमीदभाईंनी पांघरलेल्या लेपावर ठेवली.

"मी एक दिवस चुकवली न्हाई," त्या म्हणाल्या.

कुणाला समजलं नाही. सरांनाही नाही. "काय हे?"

"माझी संध्याकाळची गोळी. सकाळची घेतली. रोज घेते. तुमी फेकल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, यांच्या दुकानात."

सरांचा चेहरा मी नीट पाहिला. मला तो पाहायचा होता. मी कित्येक महिने त्या क्षणाची वाट पाहत होतो असंही म्हणता येईल. पण तिथे राग आला नाही, काहीच आलं नाही. माणूस उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आल्यावर जसा डोळे मोठे करून नुसता उभा राहतो, तसे ते बसून राहिले. मग माझ्याकडे वळले.

"तुमी माझ्या घरात शिरलात."

"आणि तुम्ही ह्यांचा पाय घेतलात," मी म्हणालो. मला ते बोलायचं होतं, आणि बोललो.

तेवढ्यात रजियाभाभी पुढे आली. तिने सरांकडे पाहिलंही नाही. "भाभी, तुमकू मालूम था? जंगल में सब के सामने पूछे थे ये." वहिनी रडायला लागल्या. मग ती माझ्याकडे वळली. "और तुमकू भी मालूम था?"

मी म्हणालो, मी सांगितलं होतं, गोळ्या बंद करू नका म्हणून.

"ये नहीं बोले ना, कि वो खा रई है."

हमीदभाई भिंतीकडे बघत होते. मी तिथून निघालो तेव्हा सर तसेच बसलेले होते.

पुढे काय व्हायला हवं होतं? मला वाटलं होतं, सरांचं तोंड बंद होईल, गाव त्यांना जाब विचारेल. काही दिवस रविवारची माणसं कमी झाली. मग हिंगोलीहून नवी माणसं गाड्या घेऊन यायला लागली. त्यांना काही माहीत नव्हतं. तालुक्याच्या एका कार्यक्रमात सरांना शाल-श्रीफळ मिळालं. चपलांचा नियम त्यांनी काढून टाकला, कुणालाही कारण न सांगता. गोळ्यांबद्दल बोलणं सोडलं. माझ्याकडे बघून ओरडणंही सोडलं. त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. वहिनी आता ओट्यावर बसून, सगळ्यांच्या देखत, गोळी घेतात. सर त्या वेळी आत जातात. ते त्यांच्याशी बोलतात की नाही, हे मी विचारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला लिहिली पाहिजे. पाय कापल्यानंतर हमीदभाईंना मलमपट्टीला एक दिवसाआड न्यावं लागायचं. सर स्कूटर घेऊन बाजारगल्लीत उभे राहायचे. हमीदभाईंना उचलून मागे बसवायचे, दवाखान्यात न्यायचे, आणायचे. पावसाळा संपेपर्यंत एक फेरी चुकली नाही. वाटेत बोलायचे नाहीत म्हणे, एक शब्द नाही. मी एकदा बाजारगल्लीत हमीदभाईंसमोर बसलो आणि धीर करून म्हणालो, "ज्या माणसामुळे हे झालं, त्याच्याच गाडीवर बसता?"

ते कापसाच्या ढिगात हात घालून बसले होते. हात तसाच ठेवून म्हणाले, "सरकू मालूम नहीं था, भाऊ. उनकू खुद की बायको ने फसाया. वो सच्चे दिल से गलत थे." मग ढिगातला हात बाहेर काढला. "तुमकू मालूम था."

माझ्याकडून ते आता गोळ्या नेत नाहीत. बसस्टँडजवळच्या दुकानातून नेतात.

रानात मी जातो. रविवार सोडून, सरांची वेळ टाळून. माझा रक्तदाब उतरला आहे. हे कबूल करायला मला आवडत नाही. पण डॉक्टरने यंत्र दोनदा लावून पाहिलं आणि विचारलं, "काय सुरू केलंत?" मी म्हणालो, "काही नाही, चालतो."

गेल्या श्रावणात एका बुधवारी मी लवकर गेलो. वर चढून मोहाच्या झाडापाशी पोचतो तो तिथे माणसं दिसली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हमीदभाई बसलेले, कुबडी बाजूला आडवी. ती खुर्ची आणि तो माणूस, दोन्ही त्या चढावर कुणी आणले असतील हे विचारायची गरज नव्हती. सर शेजारी ओल्या जमिनीवर बसले होते, पाठ सरळ, शर्ट घामाने चिकटलेला. हमीदभाईंचे डोळे मिटलेले होते. चेहरा इतका निवांत होता की मी तो त्यांच्या दुकानात कधी पाहिला नव्हता.

पायाखाली काटकी मोडली. सरांनी मान वळवली. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त मांडीवरचा हात उचलला आणि बोटांनी खूण केली. जा.

रान त्यांच्या बापाचं नव्हतं. मला तिथे बसायचा तेवढाच हक्क होता आणि तेवढं बोलायला तोंडात शब्दही होते.

मी वळलो आणि उतरायला लागलो. मागे हमीदभाई एकदा खोकले. मग तेही थांबलं.